आजीचं करवतकाठी लुगडं कापू की नको?

धानाची_पेंढी | १४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. धानकापणी सुरू आहे, दिवसभर बांधीत असते, त्यामुळे उत्तरं रात्रीच देईन.

दिवाळीला आजीची पेटी उघडली. तळाशी करवतकाठी लुगडं निघालं. नऊवार, अंग कोशाचं (जंगली रेशीम), रंग मधासारखा, काठ तांबडा. काठ आणि अंग जिथे भिडतात तिथे करवतीसारखे दाते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आजीने ते माझ्या आईच्या लग्नात नेसलं आणि मग जपून ठेवलं. इतकं जपलं की घडीवर तीन ठिकाणी चिरलं.

भाची पुण्याला फॅशन डिझाइन शिकते. तिने लुगडं पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, याचं जॅकेट करते. कॉलेजच्या शोचा विषयच पारंपरिक विणकामाचं पुनरुज्जीवन आहे." आई म्हणाली, "माह्या मायचं लुगडं कैचीखाली जानार नाही." आई आणि भाची दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी मधल्या मधे.

कापलं तर काठ उसवेल का? आणि जॅकेटपुरतं असं नवीन कापड कुणी विणून देतं का? भंडारा, मोहाडी, आंधळगाव, आरमोरीकडचं कुणी आहे का इथे?

---

चिंचपाणी

वाचतोय. लुगड्याचा फोटो टाका ना.

---

मागाखालचा

ताई, आधी कैची कपाटात ठेवा.

आमचं घर कोष्ट्याचं, जिल्हा भंडारा. बाबा २००८ पर्यंत मागावर बसले, मी बुटीबोरीत नोकरीला लागलो. पण हात अजून विसरला नाही, म्हणून सांगतो.

साध्या साडीत एकच धोटा (आडवा धागा नेतो तो) या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. म्हणून काठाचा ताणा, म्हणजे उभे धागे, तांबडा असला तरी बाणा, म्हणजे आडवा धागा, अंगाचाच येतो आणि काठाचा रंग मिसळल्यासारखा दिसतो. करवतीत धोटे तीन. डाव्या काठाचा एक, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. काठाला ताणाही तांबडा, बाणाही तांबडा, म्हणून तो रंग असा ठोस. आता तीन बाणे एका ओळीत यायचे तर ते कुठेतरी जोडले पाहिजेत. तर काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवून परत फिरवायचा. अडकवायची जागा दर ओळीला थोडी पुढे, मग थोडी मागे. त्या पुढेमागे सरकण्याचे दाते होतात. म्हणजे दाते ही वेगळी नक्षी नाही, तो सांधाच आहे.

आमच्याकडे पलीकडच्या काठाचा धोटा मी टाकत असे, शाळेत जायच्या आधी. माझं लक्ष उडालं की एक दात राहून जायचा. बाबा माग थांबवून म्हणत, "करवत बोथट झाली नं पोरा." मग तेवढ्या ओळी उकलायच्या. साडीला आठवडा सहज लागे, त्यात सणवार आला, खळ नीट वाळली नाही, की दहा दिवस.

आता तुमचा प्रश्न. सांध्याला आडवं कापलं तर इतर कापडासारखंच सुटेल, दुमडून शिवता येतं. पण सांध्याच्या लगत उभी कैची चालवली तर ते अडकवलेले फास मोकळे होतात आणि काठ हातात येतो. काठ वेगळा पाहिजेच असेल तर अंगाकडचं निदान दोन बोटं कापड सोबत ठेवून कापावं. हे नवीन कापडाचं झालं. तुमचं लुगडं घडीवर चिरलंय म्हणजे तार जीर्ण झाली, ते शिलाईची ओढ सहन करणार नाही. जॅकेट शोमध्ये एकदा चालेल, दुसऱ्यांदा खांद्यावर फाटेल.

---

इतवारीतला

नागपुरात साड्यांचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. मी जरा कडू बोलतो, राग मानू नका.

भाचीला आजीच्या लुगड्याचं जॅकेट सुचतं कारण लुगडं फुकट आहे. नवीन कोशाची करवती घ्यायला सांगा, मग पाहू. दुकानात बाया येतात, हातमागाची करवती हातात घेतात, किंमत ऐकतात आणि शेजारच्या गठ्ठ्यातली छापील काठाची घेऊन जातात. दाते दोन्हीला आहेत. लग्नाच्या मांडवात फरक कुणाला कळतो? मी दोन्ही विकतो. छापील विकून जो पैसा येतो त्यातून हातमागाचा माल ठेवायची ऐपत राहते, हेही लक्षात घ्या.

---

मागाखालचा

@इतवारीतला, विका ना, कोण नाही म्हणतं. फक्त छापीलला "करवती" म्हणून विकू नका. करवत काठीला भौगोलिक मानांकन आहे. आणि हातमागासाठी राखीव मालाचा कायदा १९८५ चा. तेव्हा २२ प्रकार राखीव होते, आता ११ उरले, त्यात साडी अजून आहे. कागदावर.

ज्यांना फरक बघायचा असेल त्यांनी साडी उलटी करावी. खऱ्या करवतीत उलट्या बाजूलाही सांधा दिसतो, दात्यांच्या कडेला बाण्याचे फास बोटाला लागतात. छापील काठाची उलटी बाजू फिकी. पॉवरलूमची असेल तर काठाचा बाणा अंगातून सरळ पळत गेलेला दिसतो किंवा मागे सुटी तार लोंबते. आणि कोसा आहे का बघायचं तर पदराच्या दशीतली एक तार जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख चिमटीत भुगा झाली तर रेशीम. वितळून गोळी झाली तर काय ते समजा.

---

चिंचपाणी

आताच बायकोच्या साडीची दशी जाळली. गोळी झाली. साडी मी भेट दिलेली होती. आज बाहेर झोपतो.

---

बंगळूरचा_वऱ्हाडी

=)) @चिंचपाणी

मूळ गाव अकोट, कापड डिझाइनच्या धंद्यात बंगळूरला. मागाखालचा यांनी सांगितलेला सांधा दक्षिणेतही आहे. कांचीपुरमला त्याला कोरवै म्हणतात, आंध्रात कुप्पडम. तिकडेही तीन धोटे, तिकडेही पलीकडे बसायला माणूस लागतो आणि तिकडेही तो माणूस मिळेनासा झाला. चौथ्या हातमाग गणनेत (२०१९-२०) देशात ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार निघाले, आधीच्या गणनेत ४३ लाख ३१ हजार होते. दहा वर्षांत आठ लाखांवर माणसं उठून गेली. पुनरुज्जीवन म्हणताना आम्ही डिझाइनवाले मोटिफ शोधत बसतो, दात्यांचा आकार कॉम्प्युटरवर काढतो आणि उशीच्या खोळीवर छापतो. दोष भाचीचा नाही, शिकवतातच तसं.

एक सुचवतो, पण आधी तिला विचारा जॅकेट कसलं हवंय. बाह्यांचं की बिनबाह्यांचं?

---

पेळू

वर्धेहून. मी वनस्पतीजन्य रंगाचं काम करते, सुती आणि कोसा दोन्ही.

आमच्या भागाचा खेळ बघा. शेतात कापूस, घराघरात सरक्या, १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय इथेच, आणि खादीचा पेळू, म्हणजे सूत कातायची कापसाची वात, मात्र पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या मध्यवर्ती कारखान्यातून यायचा. गावचा कापूस गावात कातून गावात विणायचा म्हटलं की जिनिंगपासून अडतं. जमवणारे जमवतात, मगन खादीने सेंद्रिय कापूस आणि नैसर्गिक रंग घेऊन ते दाखवलं आहे. पण त्यासाठी संस्था चिकाटीची लागते.

पेंढीताई, लुगडं कापा न कापा, ते रंगवू मात्र देऊ नका. मुलींना हल्ली सगळं नीळ करायचं असतं. जुना कोसा गरम पाण्यात गेला की चिरला. नवीन कोशावर हौस करा. हिरड्याच्या पाण्यात भिजवून तुरटी, मग पळसफुलांचा काढा, केशरी-पिवळा येतो. पळस तुमच्याकडे बांधाबांधावर आहे, मार्चमध्ये वेचून सावलीत वाळवा. काळा हवा तर गंजके खिळे, घोड्याची नाल, गूळ आणि पाणी माठात पंधरा दिवस आंबवत ठेवायचं. वास येतो, सासूबाई बोलतात. त्या पाण्यात हिरडा लावलेलं कापड बुडवलं की डोळ्यांदेखत काळं होतं. बाकी कोशाचा मुळातला मधाळ रंग इतका चांगला आहे की त्यावर काही चढवताना माझा हात अडखळतो.

---

ऐनावरचा

सगळे काठावर भांडून राहिले, कोशाचं कुनीच काही बोललं नाही म्हणून लिहितो. आरमोरी तालुका. आम्ही ढिवर. अर्धं वर्ष मासोळी, अर्धं वर्ष कोसा.

ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर अळ्या सोडाव्या लागतात. घरात ट्रेमध्ये पाळायच्या तुतीच्या अळ्या वेगळ्या, या उघड्या जंगलात वाढतात. अंडीपुंज आणले, ते तपासलेले पाह्यजे. मादी पाखराच्या पोटात पेब्रीन रोग असला की तिची सगळी अंडी गेली, म्हणून अंडी घातल्यावर तिला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अळी झाडावर चढली की महिना-दीड महिना राखण. पाखरं टिपतात, मुंग्या खातात, गांधीलमाशी नेते. हातात गुलेल, तोंडानं हाकारे. एका झाडाची पानं संपली की अळ्या फांदीसकट उचलून दुसऱ्या झाडावर. आता त्यात वाघाची भर. आणि २०२१ पासून छत्तीसगडातून हत्ती आले, ते वेगळंच. माझा काका दोन हंगाम राखणीला गेला नाही. काकी म्हनाली, कोसा नाही झाला तरी चालेल, मानूस पाह्यजे.

शहरातले विचारतात, अळी मारता का. पाखरू निघून गेलेला फुटका कोशही वाया जात नाही, त्याची सलग तार निघत नाही, पण ओढून घिच्चा, म्हणजे जाडं सूत, काढतात. देठाचाही धागा होतो.

---

बंगळूरचा_वऱ्हाडी

@ऐनावरचा, हे आमच्या कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं. एक विचारतो, तार मांडीवर काढतात ना तुमच्याकडे? ग्राहकांना ती गोष्ट फार आवडते, लेबलवर लिहिली की.

---

ऐनावरचा

आवडते? माझ्या आईची मांडी पाहा म्हणा त्यांना. कोशात टॅनिन, कोश दगडासारखा, सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करावा लागतो. मग चार-पाच कोशांची तार ओढून उघड्या मांडीवर वळ देत जायचं. दिवसभर. कातडी सोलून निघते, मग तिथे घट्टे पडतात. आई लग्नात पातळ साडी नेसत नव्हती, खाली खरखर लागते म्हनून. रेशीम मंडळानं बुनियाद नावाचं यंत्र काढलं, बसून तार काढता येते. आमच्या मोहल्ल्यात आता बऱ्याच बाया त्यावर काढतात. सूत जरा वेगळं येते, विणकर कुरकुरतात.

ते पुन्हा जिवंत करू नका भाऊ. लेबलवर पन लिहू नका.

---

मागाखालचा

खरं आहे. सूत गुळगुळीत आलं की बाबाही कुरकुरायचे, मांडीवरच्या तारेला पकड असते म्हणायचे. आणि ती तार कुणाच्या मांडीवरची हे विचारायला आम्ही कधी गेलो नाही. कोष्टी आणि ढिवर यांच्यात व्यापारी उभा असायचा.

---

इतवारीतला

व्यापारी म्हणजे मीच की. असो.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९७६ मध्ये जनता कापड योजना आली, स्वस्त धोतर आणि साडी हातमागावर, सरकारी खरेदीची खात्री. नागपूर, उमरेड, पवनीकडचे कितीतरी माग त्यावर जगले. पण काम असं की जाडंभरडं, साधा काठ, एक धोटा, वारावर मजुरी. वीस वर्षं तेच विणलं. नव्वदच्या दशकात योजना आटोपली तेव्हा पोटाचा आधार गेला आणि हातही सुटला होता. नक्षी येणारे म्हातारे होते, पोरांना जनता धोतर येत होतं. माझे वडील म्हणायचे, मागाला खायला मिळालं पण शिकायला नाही मिळालं. म्हणून मला या योजना-बिजना आणि शो-बिओ दोन्हीची धास्ती वाटते.

---

धानाची_पेंढी | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

चार दिवस मळणीत गेले, आता सगळं वाचलं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मांडीचं ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली, "आमच्या गावच्या ढिवरीन बायाइले पाह्यलं व्हतं म्या." पुढे काही बोलली नाही.

भाचीला फोन केला. जॅकेट बिनबाह्यांचं, समोरून उघडं. "मावशी, म्हणजे बंडीच समज," असं म्हणाली. हसू आलं. बंडी म्हटलं असतं तर आई एवढी चिडली नसती.

---

बंगळूरचा_वऱ्हाडी

बंडी! मग काम झालं. आता नीट वाचा.

आपण जॅकेट म्हटलं की पाठ वेगळी, दोन पुढचे भाग वेगळे, वळणदार कापणी, एक तृतीयांश कापड चिंध्यांत. बंडी सरळ कापडाची. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच. तो अख्खा पन्हा छातीभोवती गुंडाळा. एक काठ समोर डावीकडे आला, दुसरा उजवीकडे, करवतीचे दाते बटणपट्टीच्या दोन्ही बाजूंनी उभे. बगलेत शिवणच नाही. बाह्यांच्या दोन चिरा, त्या अंगाच्या कापडात पडतात, सांध्यापासून लांब. खांद्यावर दोन शिवणी, गळा, आणि वरखाली दुमड. काठाला उभी कैची लागतच नाही. ज्याची भीती मागाखालचा यांनी सांगितली ती जागा आपण हातच लावत नाही.

दुमड धरून एका बंडीला २७ इंच लांबी पुरे. बिनपदराच्या पाच मीटर कापडात सात होतात. विणकराला मागात काहीच बदलायचं नाही, चालू साडीचंच कापड, फक्त पदर नको.

---

मागाखालचा

हे पटलं. माझ्या डोक्यात ताण्याची चिंता होती. "तीन वार विणून द्या" म्हणत डिझाइनवाले येतात, तेव्हा बाबा विचारत, "तीन वारासाठी ताना कोन लावते जी?" ताणा एकदा लागला की त्यावर बऱ्याच साड्या निघतात, तोवर काठाचा रंग बदलत नाही. चालू ताण्यावर पाच मीटर बिनपदराचं हे कुणीही आनंदाने करील. पदराचं कष्टाचं काम वाचतं.

आमच्या गल्लीत एक जण अजून करवती विणतात, वय साठच्या वर. कालच फोन केला. ताण्याचा काठ तांबडा आहे. अंगाला मुळातला कोसा. पलीकडचा धोटा टाकायला त्यांची सून बसते. मजुरी साडीएवढीच घेणार, पदर नाही म्हणून कमी करू नका, असं मीच त्यांना सांगितलं.

---

पेळू

अंग पळसाचं करता येईल का? बाणा आधी रंगवून देते मी.

---

मागाखालचा

ताणा मधाळ, बाणा पळसाचा, तर अंग दुरंगी झळाळेल, ठोस केशरी नाही येणार. चालेल? पण मग धोट्याच्या कांड्या वेगळ्या भराव्या लागतील, सूत आठ दिवस आधी पोचवा.

---

चिंचपाणी

माझी छाती ४४. पन्हा ४५. बंडी समोरून बंद होईल का?

---

बंगळूरचा_वऱ्हाडी

होईल, श्वास घेऊ नका.

खरं उत्तर: ४० पर्यंत ठीक, त्यापुढे उघडीच घालायची. दाते तेवढेच जास्त दिसतील.

---

इतवारीतला

एक माझ्यासाठी धरा. दुकानात टांगतो, विकायला नाही. शेजारी छापील काठाची साडी उलटी करून ठेवतो. बघू काय होतं ते.

---

ऐनावरचा

सूत कोनाकडून घेनार? आमच्या बायांचा गट देईल, यंत्रावरचं. व्यापाऱ्याला देतो त्याच भावात, पन पैसे सूत नेताना. उधारी नाही.

---

इतवारीतला

टोमणा पोचला. पैसे मी आगाऊ भरतो, तुम्ही सगळे मला द्या.

---

धानाची_पेंढी | २१ नोव्हेंबर, रात्री ९:०५

आजीचं लुगडं राहिलं. चिरलेल्या जागी मागून मलमलचा तुकडा लावून आई स्वतः टाचते आहे, बारीक टाके, दाते जुळवून. प्लॅस्टिकमधून काढलं, जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळलं, घडी बदलली, वेखंड ठेवलं. शोला ते तसंच टांगायचं, कापायचं नाही, या अटीवर नेऊ देणार आहे. आणि सोबत ती स्वतः पुण्याला जाणार आहे, म्हणजे कैची आसपास दिसली तर लक्ष राहील.

बंड्यांचा हिशेब: भाचीच्या दोन, बंगळूरकरांची एक, इतवारीची एक, पेळूताईंची एक, चिंचपाणींची एक (उघडी). सहा झाल्या. सातवी कुणाला हवी असेल तर रविवारपर्यंत सांगा, सोमवारी सूत आरमोरीहून निघतं.